जुना हुक्का, तंबाखूची डबी, चुनाळं: या चुका टाळा

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून काळंठिक्कर हुक्क्याचं भांडं निघालं की घरात कुणीतरी लगेच चिंच भिजत घालतं. आधी ते थांबवा. मराठवाड्यातल्या वाड्यात सापडलेलं असं भांडं बिदरीचं असू शकतं. १९५६ पर्यंत बिदर (आता कर्नाटकात) आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. बिदरी म्हणजे जस्तात थोडं तांबं मिसळून ओतलेलं भांडं, त्यात चांदीची नक्षी ठोकून बसवलेली. त्याचा काळेपणा मळ नव्हे. चांदी उठून दिसावी म्हणून बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून तो मुद्दाम आणलेला असतो. चिंच, लिंबू, राख, पावडर यांनी तो जातो, वर आंबट जस्तालाही खातं. मऊ कोरड्या फडक्याने पुसा. काळा रंग फिका वाटलाच तर खोबरेल तेलाचा एखादा थेंब चोळून परत कोरडं करा.

तडा गेला म्हणून डाग द्यायलाही नेऊ नका. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं. भट्टीवर नक्षीसकट पाणी व्हायचं.

पितळी चुनाळ्याचं झाकण बसलं असेल तर पेचकस घालून उचकटू नका, बिजागरी जाते. जुना चुना हवेने दगड झालेला असतो. बिजागरीत तेल सोडून रात्रभर ठेवा, मग आतला चुना कोमट पाण्याने भिजवत लाकडी काडीने खरवडा. चंची, म्हणजे पान-तंबाखूची कापडी पिशवी, मात्र धुऊच नका.

विकत घेताना जास्त फसगत होते. दौलताबादच्या वाटेवर कुणी ‘यादवकालीन तंबाखूची डबी’ दाखवली तर हसून पुढे चला. यादवांचं राज्य चौदाव्या शतकाच्या सुरुवातीलाच संपलं. तंबाखू मूळची अमेरिकेतली, ती पोर्तुगीजांबरोबर दख्खनमध्ये आली आणि अकबराच्या दरबारात पोचली तीसुद्धा विजापूरहून, १६०४ च्या सुमारास. लोहचुंबकाच्या परीक्षेवरही विसंबू नका: तो जस्ताला चिकटत नाही, तसा काळ्या रंगाने माखलेल्या अॅल्युमिनियमलाही नाही. हातात तोलून बघा. जस्त अॅल्युमिनियमच्या अडीचपटीहून जड असतं.

परदेशातल्या भाच्याला भेट पाठवायची असेल तर जपून. शंभर वर्षांहून जुनी अशी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्या.