ऑटोमॅटिक सिव्हिकमधी अकॉर्डचं २.४ इंजिन घरीच बसवाचं असन तं

भाऊ, इंजिन काढणं-बसवणं हे काही लय मोठं काम नाई. विहिरीतली मोटार काढाची लोखंडी तिपाई, दोन टनाची चैनकुप्पी, निंबाची सावली अन् सोबतीला एक समजदार माणूस, एवढ्यात इंजिन बाहेर येते. ऑटोमॅटिक गाडीत माणूस फसते तो टॉर्क कन्व्हर्टरपाशी (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सले देणारा गोल डबा) अन् त्याच्यानंतर कॉम्प्युटरपाशी. म्हणून या दोन गोष्टी सावकाश सांगतो, बाकीचं भरभर.

गाडी म्हणजे आपल्याकडं २००६ ला आलेली होंडाची सिव्हिक, १.८ लिटर, १३२ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप). टाकाचं ते २००८ नंतरच्या अकॉर्डचं २.४, म्हणजे २३५४ सीसी, १८० पीएस अन् २२२ न्यूटन मीटर टॉर्क. हेच काहून? कारण मलेशिया-थायलंडकडं होंडानं याच बॉडीत २ लिटरचं के सिरीज इंजिन (अकॉर्डचं २.४ बी याच घराण्यातलं) ऑटोमॅटिकसोबत विकलं, अन् जपानमधी याच सेडानची टाइप आर निघाली २२५ पीएसची. म्हणजे के सिरीजसाठी या गाडीचे माउंट, ॲक्सल, गिअरची केबल हे सगळं कंपनीनंच एकदा बनवलेलं हाय, जुन्या बाजारात शोधलं तं भेटते, चेसिसवर वेल्डिंग मारत बसाचं काम नाई. फक्त २.४ चा ब्लॉक २ लिटरपेक्षा दोनेक सेंटिमीटर उंच राहते, बोनट लावाच्या आधी वर मातीचा गोळा ठेवून जागा मोजून घ्या, पोळ्याचे बैल बनवाची माती चालते.

आता कडू गोष्ट, ती मधात सांगितली तं कोणी वाचत नाई म्हणून इथंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवर जे लिहिलं त्याच्यापेक्षा वेगळी गाडी करता येत नाई, सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ ला हेच सांगितलं, अन् त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, नाईतं एका बदलामागं ५००० रुपये दंड, नाईतं दोन्ही, असं आलं. वरून ॲक्सिडेंट झाला तं विमावाले पहिले इंजिन नंबर पाहतात. म्हणून २.४ टाकलेली गाडी आपल्या वावरात, खाजगी ट्रॅकवर. रोडवर चालवाची असन तं तेच १.८ दुसरं आणा अन् आरटीओची परवानगी आधी घ्या, खालची काढाची-बसवाची अन् कन्व्हर्टरची रीत त्यालाही लागू पडते.

सामान घेताना नुसतं इंजिन घेऊ नका. जुन्या मालाचा दुकानदार दिल्लीच्या मायापुरीचा असो का मुंबईच्या कुर्ल्याचा, तो म्हणन इंजिन घ्या गिअरबॉक्स तुमचाच चालते, तं हात जोडून निघा, कारण १.८ चा गिअरबॉक्स के सिरीजच्या ब्लॉकवर बसतच नाई, बोल्टची छिद्रंच वेगळी हायेत. एकाच गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, कन्व्हर्टर, ड्राइव्ह प्लेट (इंजिन अन् कन्व्हर्टर जोडणारी चकती), ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), इंजिनची पूर्ण वायरिंग, ॲक्सिलरेटरचं पेडल अन् इमोबिलायझरची (चोरी अडवणाऱ्या लॉकची) चावी, एवढा जोड पाह्यजे. बैल एका गावचा अन् जू दुसऱ्या गावचं असं करू नका. गिअरबॉक्सचं तेल बोटावर घेऊन हुंगा, जळका वास आला का सोडा तो माल.

काम दिवाळीनंतर काढा. मे मधी ४६ डिग्रीत पाना हातात धरवत नाई. कापूस वेचाईच्या दिवसात मदतीला पोट्टे भेटत नाईत हे खरं, पण उन्हाळ्यापेक्षा बरं.

काढाची रीत थोडक्यात अशी. फ्युएल पंपाचा रिले काढून गाडी बंद पडेपर्यंत चालू ठेवा म्हणजे लाइनमधलं प्रेशर जाते, मंग बॅटरीची निगेटिव्ह काढा. एसीचा गॅस हवेत सोडू नका, पाइप न खोलता कॉम्प्रेसर बाजूला बांधून ठेवता येते. कूलंट, ऑइल, गिअर ऑइल खाली करा, बोनट काढा, ॲक्सल काढा, सबफ्रेम (इंजिनखालची लोखंडी चौकट) उतरवाच्या आधी पंच मारून खुणा करा नाईतं गाडी नंतर एकीकडं ओढते. हरेक प्लगला चिकटपट्टी लावून नाव लिहा, मले वाटलं होतं ध्यानात राहीन, दुसऱ्याच दिवशी सगळे प्लग सारखेच दिसाले लागले. इंजिन अन् गिअरबॉक्स सोबतच निघते, वजन दोन क्विंटलच्या वर, तं तिपाईचे पाय साखळीनं बांधा अन् लटकलेल्या इंजिनखाली कोणी हात घालाचा नाई, जॅकवरच्या गाडीखाली तं बिलकुलच नाई, लोखंडी घोड्या लावा.

आता कन्व्हर्टर. जुन्या बाजारातून माल येते तेव्हा इंजिन-गिअरबॉक्स बहुतेक वेगळे करून येते, अन् कन्व्हर्टर रस्त्यात दोन बोटं पुढं सरकलेला राहते. पाहाले तं बसल्यासारखाच दिसते. माह्या मेव्हण्याच्या गाडीत मी हेच केलं, गिअरबॉक्सचं हौसिंग (बाहेरचं खोकं) अन् इंजिनच्या ब्लॉकच्या मधात फट राहिली तं म्हटलं बोल्ट आवळले का बसन. बसलं ना बाप्पा, आतला ऑइल पंपच फुटला. गाडी स्टार्ट होये पण डी मधी टाकली का जागेवरच उभी, अन् तीन दिवसाचं काम परत पहिल्यापासून.

बरोबर रीत ही: गिअरबॉक्सचं तोंड वर करून ठेवा, कन्व्हर्टरच्या नळीले थोडं ताजं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लावा, अन् दाबत दाबत दोन्ही हातानं फिरवा. आत शाफ्टचे दाते, स्टेटरचे दाते अन् पंपाचा खाचा, अशा तीन जागी तो अडकते, म्हणून एकदा टक झालं का थांबाचं नाई. पूर्ण बसला का हौसिंगच्या काठावर सरळ पट्टी आडवी ठेवा, कन्व्हर्टर पट्टीच्या खाली आत गेलेला दिसला पाह्यजे, ते अंतर खडूनं लिहून ठेवा. ब्लॉकले जोडताना दोन्ही तोंडं हातानं मिळाली पाह्यजे. मिळाली नाई तं बोल्टले हात लावू नका, मागं घ्या. जोडल्यावर पण आवळाच्या आधी कन्व्हर्टर हातानं मोकळा फिरला पाह्यजे. मंग ड्राइव्ह प्लेटचे आठ छोटे बोल्ट, आधी ६ न्यूटन मीटर, नंतर समोरासमोर १२, टॉर्क पान्यानंच, अंदाजानं नाई. गिअरबॉक्स वेगळा हायेच तं क्रँकचं मागचं सीलही बदलून टाका, लय स्वस्त येते.

सिव्हिकचं स्टेअरिंग इलेक्ट्रिक हाय, अकॉर्डचं तेलावरचं, म्हणून इंजिनवरचा स्टेअरिंग पंप काढून छोटा बेल्ट टाका. वायरिंगमधी अंदाजानं तार जोडू नका, दोन्ही गाड्यांचे डायग्राम समोर ठेवून एक एक पिन मिळवा. इमोबिलायझर जुळवाले होंडाचा स्कॅनर लागते, तो नागपूर-अमरावतीकडं कोणापाशी भेटन हे आधीच पाहून ठेवा, नाईतं गाडी बसून तयार अन् चावी ओळखत नाई.

गिअरची केबल लावल्यावर तपासा, गाडी फक्त पी अन् एन मधीच स्टार्ट झाली पाह्यजे. डी मधी झाली तं रेंज स्विच (गिअर कोणता हाय ते कॉम्प्युटरले सांगणारा) सेट करा, हे टाळू नका, समोर कोणी उभं राहते.

पहिल्या स्टार्टच्या आधी इंजेक्टरचे प्लग काढून सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझला का मंग खरा स्टार्ट. पंखा दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत गरम करा, ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवा, सपाट जागी बंद करा अन् ६० ते ९० सेकंदांच्या आतच एटीएफ मोजाची दांडी पाहा. नवा कन्व्हर्टर तेल पित राहते, दोन-तीनदा टाकावं लागन, तेल होंडाचंच डीडब्ल्यू-१. मंग बांधाच्या रस्त्यानं हळूहळू दोन चकरा, परत आल्यावर खाली पुठ्ठा टाकून रात्रभर गाडी उभी ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावर लाल डाग दिसला तं सील, निळा-हिरवा दिसला तं कूलंटचा पाइप. बोनट तोवर निंबाखालीच राहू द्या.