१६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता

घरातल्या जुन्या विंडोज ७ च्या डेस्कटॉपवर नेट बंद. आयपीकॉन्फिग या नेटवर्कची माहिती दाखवणाऱ्या कमांडमध्ये आयपी पत्ता (नेटवर्कवरचा संगणकाचा क्रमांक) दिसला १६९.२५४ ने सुरू होणारा, म्हणजे राउटरच्या डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेकडून, उत्तर न आल्याने विंडोजने स्वतःच घेतलेला. तीच केबल लॅपटॉपला लावली, लगेच १९२.१६८ चा पत्ता मिळाला. म्हणजे राउटर, केबल ठीक. पत्ता सोडून नवा मागण्याचा, म्हणजे रिलीज-रिन्यूचा, उपयोग शून्य. विंडोजमधली पत्ता मागणारी डीएचसीपी क्लायंट सर्व्हिसही चालू होती. मग आठवलं, नुकताच एक अँटिव्हायरस काढला होता. ही मंडळी नेटवर्कमध्ये खोलवर घुसतात आणि जाताना पसारा मागे ठेवतात! अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटश विनसॉक रीसेट’ आणि ‘नेटश इंट आयपी रीसेट’ या नेटवर्कची सेटिंग्ज मूळ स्थितीत आणणाऱ्या कमांड चालवल्या, रीस्टार्ट केलं. पत्ता आला. दुसऱ्या कमांडने हाताने भरलेला स्थिर पत्ता पुसला जातो, तो आधी टिपून ठेवा.