'हउ च्यू पत् फत्' : कँटोनीज या हाँगकाँगमध्ये बोलल्या जाणाऱ्या चिनी भाषेतील एक ग्रांथिक वाक्प्रचार कसा वापरावा

एखादा मंत्री, कंपनी किंवा कलावंत जनतेच्या रोषास पात्र ठरला, की हाँगकाँगच्या वृत्तपत्रांत 'हउ च्यू पत् फत्' हा चार शब्दांचा वाक्प्रचार वाचायला मिळतो. मुख, दंड, लेखणी आणि स्वारी असे हे शब्द असून मुखाने दोषी ठरवणे व लेखणीने चाल करून जाणे हा त्यांचा एकत्रित अर्थ होय. 'फत्' हा शब्द मुळात राज्याने शत्रूवर सैन्य धाडण्याचा. १९२६ साली दक्षिण चीनमधील क्वांगचौहून राष्ट्रवादी सैन्याने उत्तरेकडील लष्करी सरदारांविरुद्ध काढलेल्या उत्तर मोहिमेच्या 'पक् फत्' या नावातही तोच आहे. स्वारी दोषी मानलेल्यावरच होत असल्यामुळे या वाक्प्रचाराचा कल टीकाकारांकडे झुकतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

उच्चार करताना 'हउ'चा सूर खालून वर चढवावा. 'च्यू' उंच व सपाट ठेवावा आणि त्यातील स्वर ओठ गोल करून 'ई' म्हटल्यासारखा काढावा. 'पत्' उंच व तुटक असतो, तर 'फत्' तितकाच तुटक पण खालच्या सुरात येतो. दोन्हींच्या शेवटी जीभ दातांमागे टेकवून तिथेच थांबवावी. मराठी सवयीने 'त'चा पूर्ण उच्चार झाला की शब्द बिघडतो.

वाक्यात टीकेचा धनी आधी, मग 'वाट्यास येणे' या अर्थाचा 'चोउ' ('चमचा'तील च), नंतर टीका करणारे आणि शेवटी हा वाक्प्रचार असा क्रम लावावा. 'कंपनी – चोउ – लोकमत – हउ च्यू पत् फत्'. कर्ता मात्र समूहच हवा. एका वरिष्ठाने एका कारकुनाची केलेली कानउघाडणी येथे बसत नाही, आणि एखाद्या समीक्षकाने शांतपणे दाखवलेल्या उणिवांनाही हे नाव देता येत नाही.

मराठीत 'टीकेची झोड उठणे' हा त्याचा सर्वांत जवळचा पर्याय आहे. 'तोंडसुख घेणे' मात्र टाळावे, कारण त्यात टीकाकारच हलका ठरतो.

हा प्रयोग लेखनाचा, भाषणाचा आणि बातमीपत्राचा आहे. चहाच्या उपाहारगृहात मित्राशी बोलताना तो वापरल्यास ऐकणाऱ्याला थट्टा वाटेल. तिथे 'पेइ यन नाउ', म्हणजे 'लोकांची बोलणी खाल्ली', एवढेच म्हणतात.