पत्त्याखाली दोन आकडे जोडा

'मारुती मंदिरामागे, वरची वाडी' एवढा पत्ता पोस्टमनला पुरतो, नकाशाला नाही. गूगल मॅप्स गावाच्या मध्यावर पिन टोचून मोकळं होतं आणि टेम्पोवाला तिथूनच फोन करत बसतो.

१. नकाशा सॅटेलाइटवर घ्या, आपलं छप्पर शोधा, त्यावर बोट दाबून धरा.
२. पिन उमटली की अक्षांश-रेखांश दिसतात, ते कॉपी करा. शनिवारवाड्याचे साधारण १८.५१९५, ७३.८५५३ आहेत.
३. व्हॉट्सअॅपवर पत्त्याखाली पाठवा. समोरच्याने ते सर्चमध्ये चिकटवले की झालं.

दशांशचिन्हानंतर चार आकडे म्हणजे सुमारे ११ मीटरचा नेम, पाच म्हणजे साधारण एक मीटर. पाच पुष्कळ झाले. त्यापुढची शेपटी खुशाल छाटा.

उलट कामही तसंच होतं: आकडे चिकटवा, पत्ता मिळेल. पण तो जवळच्या रस्त्यावरून किंवा शेजारच्या इमारतीवरून काढलेला अंदाज असू शकतो. कुरिअरच्या फॉर्मवर तो जसाच्या तसा उतरवू नका, निदान घर नंबर आणि पिनकोड तरी पडताळा.

क्रम मात्र सांभाळा: अक्षांश आधी, रेखांश नंतर. महाराष्ट्रात पहिला आकडा १५ ते २३ च्या दरम्यान, दुसरा ७२ ते ८१ च्या. उलटे टाकलेत तर पुण्याचं घर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातं! नकाशाची माहिती साठवणाऱ्या केएमएल आणि जिओजेसन फायलींत मात्र रेखांशच आधी लिहितात, तिथून आकडे उचलताना अदलाबदल करून घ्या.