स्नोबोर्डची बाइंडिंग: गुलमर्गला जायच्या आधी ठाण्यातच बसवून घ्या

आपल्या ठाण्यात बर्फ फक्त उसाच्या रसात, त्यामुळे बरेच जण बोर्ड ऑनलाइन मागवतात आणि बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला पकडून ठेवणारे पट्टेवाले साचे, तिकडे गेल्यावर बघू म्हणतात. तसं नका करू. तिकडे थंडीत बोटं आखडतात आणि स्क्रू बर्फात पडला की गेलाच समजा.

आधी बूट घ्या, मग बाइंडिंग. एस, एम, एल साइज बुटावरून ठरते आणि प्रत्येक कंपनीचा चार्ट वेगळा असतो. बूट बाइंडिंगमध्ये घालून बघा, टाच मागे हीलकपमध्ये नीट टेकली पाहिजे आणि उचलून बघितली तर हलता कामा नये. फ्लेक्स म्हणजे बाइंडिंग किती कडक, तो साधारण १ (मऊ) ते १० (कडक) मध्ये देतात, नवशिक्याने ३-४ च्या आसपासचं घ्यावं, कडक बाइंडिंग भारी दिसतं पण पायाची जरा चुळबुळ झाली तरी बोर्ड लगेच वळतो.

मग बोर्डवरची भोकं बघा. बऱ्याच बोर्डांना ४x४ किंवा २x४ सेंटीमीटरचा पॅटर्न (भोकांमधलं अंतर) असतो, बर्टनच्या बऱ्याच बोर्डांना मात्र मधोमध लांब खाच असते, तिला चॅनल म्हणतात. बाइंडिंगची डिस्क (मधली गोल चकती, जिच्यातून स्क्रू जातात) त्याला बसते का ते पैसे भरायच्या आधी विचारा, नंतर रिटर्नची कटकट कोण करणार.

आता बसवणं. मोजे घालून घरातल्या लादीवर घसरून बघा, जो पाय आपसूक पुढे जातो तो बोर्डवर पुढे. डावा असेल तर रेग्युलर, उजवा असेल तर गूफी. दोन बाइंडिंगमधलं अंतर खांद्यांच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त ठेवा. अँगल पुढच्याला +१५ अंश, मागच्याला -६ पासून सुरू करा (प्लस म्हणजे बोटं बोर्डच्या पुढच्या टोकाकडे वळलेली, मायनस म्हणजे मागच्या), गुडघा दुखला तर थोडं फिरवा.

खरी मेहनत बूट मधोमध आणण्यात आहे आणि लोक नेमका इथेच कंटाळा करतात. स्क्रू अर्धवट आवळा, बूट घालून पट्टे लावा, बोर्ड उभा धरून खालच्या बाजूने बघा. बोटांकडे आणि टाचेकडे बूट कडेबाहेर सारखाच यायला हवा, एकीकडे जास्त आला तर वळताना तोच बर्फाला घासतो आणि तुम्ही आडवे. डिस्क एखादं भोक सरकवून परत बघा, दोन-तीनदा करावं लागतं, वैतागू नका.

स्क्रू बाइंडिंगसोबत आलेलेच वापरा, हार्डवेअरवाल्याकडचा लांब स्क्रू घातलात तर बोर्डाच्या तळाला फुगवटा येऊ शकतो. स्टार स्क्रूड्रायव्हर मात्र जांभळी नाक्याला मिळेल, तीन नंबरचा मागा, घरातला बारीक वापरलात तर स्क्रूचं डोकं खाल्लं जाईल. समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून आवळा, पण जीव खाऊन नको. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर परत चेक करा, ढिले होतातच. आणि स्क्रूड्रायव्हर चेक-इन बॅगेत टाका, केबिन बॅगेतला सिक्युरिटीवाले काढून घेतील.