नटाचे रिकामे दिवस

काम चालू असताना नट सहसा मोडत नाही. मोडतो तो दोन कामांच्या मधल्या दिवसांत. म्हणून तयारी करायची ती या दिवसांची.

आधी आवाज. रोज १५ मिनिटं पुरतात, पण रोज. ओठ मिटून गुणगुणा. मग स्ट्रॉचं टोक दोन-तीन सेंटिमीटर पाण्यात बुडवून, बुडबुडे काढत ‘ऊ’चा सूर खालून वर न्या आणि परत आणा. तोंडाशी दाब राहतो, त्यामुळे स्वरतंतू एकमेकांवर कमी जोरानं आपटतात. घसा बसला की बरेच जण कुजबुजतात. त्यानं ताण वाढू शकतो. सरळ गप्प बसा. पाणी दिवसभर घोट घोट प्या. एंट्रीआधी गटागटा प्यायलेलं पाणी पोटात जातं, स्वरतंतूंपर्यंत नाही.

घरून पाठवायची ऑडिशन मात्र अनेकदा अभिनय सुरू होण्याआधीच फसते. काही वेगळं सांगितलं नसेल तर फोन आडवा, लेन्स डोळ्यांच्या उंचीवर, चौकट छातीपासून डोक्याच्या जरा वरपर्यंत. खिडकी पाठीमागे नको, समोर थोडी तिरकी हवी. भिंतीपासून मीटरभर पुढे उभं राहा, म्हणजे सावली मागे चिकटत नाही. बारीक रेघांचा शर्ट कॅमेऱ्यात लवलवतो. समोरची वाक्यं वाचणारा लेन्सला खेटून उभा हवा. तो बाजूला सरकला की तुमचा एकच डोळा दिसतो. पण फोनजवळ असल्यानं त्याचाच आवाज मोठा येतो, तेव्हा त्याला हळू आवाजात वाचायला सांगा. दुसरा टेक पहिल्याची झेरॉक्स नको. पहिल्यात समोरच्याला थांबवायचं असेल, तर दुसऱ्यात त्याला हाकलायचंय असं धरून बोला. वाक्यं तीच राहतात, श्वास बदलतो. विसाव्या टेकपर्यंत जाऊ नका, तोवर ऐकणं संपलेलं असतं.

पाठवलं की वहीत तारीख, भूमिका आणि घातलेले कपडे लिहा. पुन्हा बोलावलं तर तेच घालून जा. एक रकाना ‘माझ्या हातातलं काय चुकलं’ याचा. पाठांतर कच्चं होतं? लिहा. उत्तर आलं नाही? ते या रकान्यात बसत नाही. उंची, वय, जोडीला शोभणं यावरही निवड ठरते.

आता पाठांतर. स्वतःची वाक्यं घोकण्यापेक्षा समोरच्याच्या वाक्यातला कुठला शब्द तुम्हाला बोलायला लावतो, त्यावर खूण करा. भांडी घासता घासता म्हणता आलं तर पाठ झालं.

मानधन आलं की आधी कराचा वाटा बाजूला, मग सहा महिन्यांचा खर्च साठेपर्यंत बचत. भूमिका देण्यासाठी कोणी पैसे मागितले तर तिथून उठा.

आणि आठवड्यातून एकदा चार-पाच जणांनी जमून नाटक वाचा. भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटा. जी तुम्हाला कोणी कधी देणार नाही, तीही मग वाट्याला येते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.