फेस्टिव्हलचा पास गळ्यात घालण्याआधी या चुका टाळा

पहिल्यांदा पिफचा, म्हणजे पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा, पास काढला त्या वर्षी मी सहा दिवसांत २६ सिनेमे पाहिले. महिन्याभरानं त्यातले पाच नीट सांगता येत होते. बाकीचे एकमेकांत मिसळून गेले होते. बर्फात बुडालेलं एक घर आठवत होतं, एक पांढरा घोडा आठवत होता, पण तो घोडा कुणाच्या गोष्टीतला हे काही केल्या आठवेना. त्या सिनेमासाठी कुणीतरी आयुष्याची चार-पाच वर्षं दिली असतील. मला त्याची अजून हळहळ वाटते.

त्यानंतर पिफ सहसा चुकवलेला नाही. बहुतेक वर्षी तो जानेवारीत असतो, कधी फेब्रुवारीत जातो. रजा जमली तर नोव्हेंबरात गोव्याला इफ्फी हा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, मुंबईत थर्ड आय हा आशियाई सिनेमांचा महोत्सव, आणि मधूनमधून कुठल्यातरी कॉलेजच्या सभागृहातला दोन दिवसांचा लघुपट महोत्सव. मोठा असो की छोटा, चुका त्याच होतात. माझ्या झाल्या, आणि रांगेत भेटणाऱ्या नव्या मंडळींच्याही होताना दिसतात.

दिवसाला पाच सिनेमे

वेळापत्रक हातात आलं की पेन घेऊन सकाळपासून रात्रीपर्यंत खुणा करत सुटतो आपण. पास काढलाय, मग वसूल करायला नको? पण जरा हिशेब मांडून बघा. ११० मिनिटांचा सिनेमा सकाळी दहाला सुरू झाला तर बारा वाजायला दहा मिनिटं असताना संपतो. पुढचा सव्वाबाराला. त्याची रांग मात्र पावणेबारालाच लागलेली असते. म्हणजे पहिल्या सिनेमाची श्रेयनामावली अर्धवट सोडायची, दिग्दर्शक बोलायला उभा राहिला तर त्याच्यासमोरून उठून जायचं, आणि जेवण तर विसरायचंच. असं तीन दिवस केलं की चौथ्या दिवशी दुपारच्या खेळाला डोळे मिटायला लागतात.

मी आता दिवसाला तीन धरते. चौथा, अंगात जीव असेल तरच. आणि ज्या सिनेमाबद्दल सगळ्यांत जास्त उत्सुकता आहे त्याच्यानंतरचा खेळ मुद्दाम मोकळा ठेवते. बाहेर येऊन कट्ट्यावर बसायला, कुणाशी बोलायला किंवा कुणाशीच न बोलायला. दुपारी दोन-अडीचच्या खेळाला फार संथ सिनेमा घेऊ नका. त्यात सिनेमाची चूक नसते, पोटात गेलेल्या भाताची असते. आणि समजा आधीच थकला आहात, डोकं जड झालंय, तर एक खेळ सरळ सोडा. अर्धवट झोपेत पाहिलेला सिनेमा पाहिल्यासारखा वाटतो आणि पुन्हा कधी पाहिला जात नाही, हे जास्त वाईट.

गाजलेल्याच्याच मागे लागणं

कान, व्हेनिस, बर्लिनच्या महोत्सवांत पुरस्कार मिळालेल्या सिनेमाला सगळ्यात लांब रांग असते. जरूर पाहा, पण फक्त तेवढंच पाहू नका. नावाजलेला सिनेमा पुष्कळदा पुढे भेटतो. ‘कोर्ट’ या मराठी सिनेमाला सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसला पुरस्कार मिळाला आणि एप्रिल २०१५ मध्ये तो आपल्याकडच्या थिएटरांत लागलाही. भेटत नाही तो दुसरा: ज्याला वितरक नाही, दिग्दर्शकाचा पहिलाच सिनेमा आहे, ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही. मोठ्या पडद्यावर त्याची आणि तुमची कदाचित एवढीच गाठ.

निवडायचं कसं, हे मला बरेच जण विचारतात. कॅटलॉगमधल्या दोन ओळी, देश, लांबी आणि दिग्दर्शकाचा कितवा सिनेमा, एवढं पुरे. ट्रेलर बघू नका. इंटरनेटवरचे रेटिंगचे तारेही बघू नका. महोत्सवातल्या कितीतरी सिनेमांना तिथं पुरेसे प्रेक्षकच मिळालेले नसतात. त्यापेक्षा रांगेत शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारा, ‘काल काय पाहिलंत?’ पुण्यात या रांगांमध्ये पस्तीस-चाळीस वर्षं फिल्म सोसायटीत सिनेमे पाहत आलेले काका-काकू असतात. प्रभात रोडवरून चालत येणारे, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी ‘हा सोडू नकोस बाळा’ म्हटलेला सिनेमा मी आजवर सोडलेला नाही. तुमच्या शहरात फिल्म क्लब असेल तर सभासद व्हा. पासात सवलत मिळते हा फायदा छोटा आहे. वर्षभर पाहायची सवय राहते, हा मोठा.

पास म्हणजे खुर्ची नव्हे

बहुतेक महोत्सवांत पासधारक जास्त आणि खुर्च्या कमी असतात. जो आधी येईल तो बसेल. इफ्फीत खेळाची जागा आधी ऑनलाइन राखून ठेवावी लागते. कुठे कुठली पद्धत आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. आणि एका माणसानं आत जाऊन ओढण्या, बाटल्या, पिशव्या टाकून सहा खुर्च्या अडवायच्या, हे कृपा करून करू नका. बाहेर तासभर उभं राहिलेला एकटा प्रेक्षक त्या पिशवीमुळे परत जातो.

हाउसफुल झालं तर? प्रत्येक खेळासाठी दुसरी निवड ठरवूनच निघा. शेजारच्या पडद्यावर काय आहे ते ठाऊक हवं. एका महोत्सवात असंच दार बंद झालं म्हणून मी बाजूच्या सभागृहात शिरले. आत मोजून अकरा माणसं. विदर्भातल्या एका नव्या दिग्दर्शकाचा सिनेमा होता. संपल्यावर तो पोरगा दारात उभा राहून प्रत्येकाला विचारत होता, ‘कसा वाटला?’ आम्ही चौघंपाचजण त्याच्याबरोबर चहाच्या गाडीपाशी गेलो ते पाऊण तास तिथंच. त्यानं सांगितलं की सगळे संवाद जागेवरच ध्वनिमुद्रित केले, डबिंगला पैसे नव्हते. पण आजूबाजूला शेतं, आणि शेतीची वीज आली की चहूकडून पाण्याच्या मोटारी सुरू. त्या भागात वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मग त्यांनी शूटिंगचं वेळापत्रकच विजेच्या पाळीवर बसवलं. वीज रात्री असेल त्या आठवड्यात दिवसाचे प्रसंग, दिवसा असेल त्या आठवड्यात रात्रीचे. हे ऐकल्यापासून कुठल्याही गावाकडच्या सिनेमात शांतता आली की मी कान टवकारते. ही गोष्ट मला कुठल्याही पुस्तकात सापडली नसती.

दिवे लागताच उठणं, आणि माइक हातात आला की भाषण

म्हणूनच, दिग्दर्शक हजर असेल तर थांबा. स्वतंत्र सिनेमाच्या महोत्सवाचं खरं वैभव ते आहे. करणारा माणूस तुमच्यापासून दहा फुटांवर उभा असतो, घाबरलेला असतो, आणि त्याला खरंच जाणून घ्यायचं असतं.

पण प्रश्नोत्तरं वाया कशी जातात, तेही मी पाहिलंय. एक गृहस्थ उठतात, ‘प्रश्न नाही, थोडं बोलायचंय’ म्हणतात आणि ठरलेल्या पंधरा मिनिटांतली सहा घेतात. दुसरे बजेट विचारतात. तिसरे शेवटाचा अर्थ विचारतात आणि दिग्दर्शक बिचारा काहीतरी पुटपुटतो, कारण तो अर्थ शब्दांत सांगता आला असता तर त्यानं सिनेमा कशाला केला असता! एखाद्या ठिकाणाला, आवाजाला, माणसाला धरून विचारा. ‘ती आजी नटी आहे की गावातलीच?’ ‘पावसाचा प्रसंग खऱ्या पावसात केला का?’ अशा एका ओळीच्या प्रश्नाला दहा मिनिटांचं उत्तर मिळतं, आणि त्या उत्तरात बजेटही येतं आणि शेवटाचा अर्थही. मराठी दिग्दर्शक असेल तर मराठीतच विचारा. इंग्रजीत अडखळत विचारलेला प्रश्न आणि तसंच अडखळत दिलेलं उत्तर ऐकून जीव गुदमरतो.

सिनेमा आवडला नसेल तर? माइकवर त्याची चिरफाड करू नका. नंतर गाठून, काय पोचलं नाही ते नेमकं सांगा. मी असं दोनदा केलंय, दोन्ही वेळा समोरच्यानं वही काढून लिहून घेतलं. आणि आपली पटकथा त्याच्या हातात कोंबू नका. ती वेळ त्याच्या सिनेमाची असते.

सबटायटल वाचण्यात सिनेमा हरवणं

हे नव्यांचं सगळ्यात मोठं दुखणं. कोरियन नाहीतर इराणी संवाद, खाली इंग्रजी अक्षरं, वाचता वाचता ओळ बदलते. प्रत्येक शब्द वाचायचा हट्ट सोडा. अर्ध्या ओळीवरून भाव कळतो, उरलेलं चेहरा सांगतो. पहिल्या दिवशी कमी बोलणारा सिनेमा निवडा, दोन दिवसांत डोळ्यांना सवय होते. बसताना पुढच्याच्या डोक्यानं पडद्याची खालची कड झाकली जात नाही ना, ते आधी पाहा. अगदी पुढच्या रांगेत खालून वर मान नेता नेता धाप लागते.

माझी आई इंग्रजी सावकाश वाचते. ‘मला काय कळणार’ म्हणत होती, तरी मी तिला एका इराणी सिनेमाला नेलं. बाहेर आल्यावर तिनं मला त्या घरातलं स्वयंपाकघर सांगितलं. नवरा गेल्यावर त्या बाईनं ओट्यावरचा एक कप कायमचा आत ठेवून दिला, हे तिनं पाहिलं होतं. मी पाहिलंच नव्हतं, माझी नजर खालच्या ओळीवर होती.

सिनेमा सुरूच होत नाही, तेव्हा

शिट्ट्या, आरडाओरडा, दारावरच्या स्वयंसेवकावर खेकसणं, हे सगळं निरुपयोगी. तो बहुधा कॉलेजातला मुलगा असतो आणि त्याच्या हातात काही नसतं. काय होतं ते समजून घ्या. हल्ली सिनेमा हार्ड डिस्कवर डिजिटल स्वरूपात येतो आणि बऱ्याचदा कुलूपबंद असतो. त्याची डिजिटल किल्ली ठरावीक पडद्याच्या सर्व्हरवर आणि ठरावीक वेळेतच चालते. ऐनवेळी पडदा बदलला की किल्ली लागत नाही. नवी मागवायची तर ती पाठवणाऱ्यांच्या देशात मध्यरात्र असू शकते. वीस मिनिटं थांबा, फलकावर लक्ष ठेवा, हा खेळ पुन्हा कधी लावणार ते विचारून घ्या.

सबटायटल दिसत नाहीत, आवाज फारच बारीक आहे, तर पहिल्या पाच मिनिटांत बाहेर जाऊन सांगा. सगळे जण ‘कुणीतरी सांगेल’ म्हणून बसून राहतात आणि अख्खा सिनेमा तसाच निघतो. मात्र पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर तक्रारीची घाई नको. जुने सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीत असायचे, आणि आजही काही जण जाणूनबुजून ती चौकट निवडतात.

लघुपटांच्या खेळात एकापाठोपाठ सहा-आठ गोष्टी येतात. मध्येच येणं-जाणं करू नका, दाराचा उजेड दहा मिनिटांच्या सिनेमातली दोन मिनिटं खातो. प्रत्येकानंतर नाव टिपून ठेवा, नाहीतर आवडलेला कुठला होता तेच सापडत नाही. फोन बंद. पडद्याचा फोटो काढून स्टेटसला टाकणं तर नकोच, ती दुसऱ्याची मालमत्ता आहे. जानेवारीत वातानुकूलित सभागृहात पायांना गारठा चढतो, एक शाल घ्या. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू ठेवा, दोन खेळांच्या मध्ये बाहेर खायला. संक्रांत जवळ असली तर तिळाचे. प्रेक्षक पसंतीचा कागद हातात दिला तर भरून द्या, छोट्या सिनेमाला त्याचा पुढे उपयोग होतो. आणि प्रत्येक सिनेमानंतर वहीत एक ओळ लिहा. तारे देऊ नका, राहिलेलं दृश्य लिहा. माझ्याकडे ती वही असती तर तो घोडा सापडला असता.

‘मी पाहिलाय’ म्हणून प्रदर्शनाला न जाणं

ही चूक महोत्सव संपल्यावरची, आणि माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी. ज्याचं महोत्सवात आपण भरभरून कौतुक केलं, तो सिनेमा आठ-दहा महिन्यांनी थिएटरात लागतो. एक-दोन खेळ, तेही अडनिड्या वेळेला. पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या भरल्या नाहीत तर पुढच्या शुक्रवारी तो नसतो. आणि ज्यांना तो आवडणार हे नक्की असतं, ते सगळे ‘पाहिलाय’ म्हणून घरी बसतात. पासावर पाहिलेल्या सिनेमाचं तिकीट काढा. सोबत अशा दोघांना न्या ज्यांनी महोत्सव कधी पाहिलेला नाही.

विदर्भातल्या त्या पोराचा सिनेमा लागला तेव्हा शुक्रवारी सकाळी साडेदहाचा एकच खेळ होता. आम्ही नऊ जणांनी तिकिटं काढली, आई धरून. मध्यंतरानंतर विहिरीपाशी दोघं भाऊ बसलेत असा रात्रीचा एक लांब प्रसंग आहे, त्यात जवळजवळ कुणी बोलत नाही. पहिल्या वेळी मला तो रेंगाळलेला वाटला होता. या वेळी रातकिड्यांमागची ती मोटारी थांबलेली शांतता मला ऐकू आली.